तीन वेळा मागवलेले आजोबा

मोठ्या मंडळात प्रवेश मिळवायचा तर राष्ट्राच्या अंगी धीर लागतो, आणि धीर हा इतर सगळ्या राष्ट्रीय गुणांचा बाप आहे, असं वांगेल मिसाइलोव्स्कीचं ठाम मत होतं. हे मत बनवायला त्याला वेळ भरपूर मिळाला होता. राजधानी स्कोप्येमधल्या एका सरकारी खात्यात तो एकोणीस वर्षं युरोपीय संघाच्या मासेमारीविषयक कायद्यांचं भाषांतर करत होता, आणि त्याच्या देशाला समुद्र नव्हता. कॉड माशाच्या जाळ्याचं भोक किती मिलिमीटरचं असावं, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगू शकला असता. समुद्र त्यानं आयुष्यात चारदा पाहिला होता, चारही वेळा ग्रीसमध्ये, भाड्याच्या छत्रीखाली बसून. पण संघात शिरायचं तर सगळे कायदे स्वतःच्या भाषेत हवेत, माशांचेही, आणि आधीच्या सभासदांपैकी प्रत्येकानं मान डोलावायला हवी. सत्तावीस घरांची ती सोसायटी, एकानं ना-हरकत अडवली की किल्ली नाही. आधी दक्षिणेकडच्या शेजाऱ्याला, ग्रीसला, यांचं नाव खटकलं. दहा-बारा वर्षं घासाघीस झाली आणि देशानं नाव बदललं. विमानतळाचं बदललं, हमरस्त्याचं बदललं, चौकातल्या घोडेस्वाराच्या पुतळ्याला तर नुसतं 'घोड्यावरचा योद्धा' म्हणायचं ठरलं, जग जिंकायला निघालेला तो कोण हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना. मग मध्येच फ्रेंचांनी, शेजार ना पाजार, एकदा हात वर करून घेतला. आणि ते आटोपतं न आटोपतं तोच पूर्वेकडचा शेजारी बल्गेरिया उठला आणि म्हणाला, नावाचं राहू द्या, तुमची भाषा आमची, तुमचा इतिहास आमचा आणि तुमचे आजोबाही आमचेच; एवढं कबूल करा, घटनेत आमच्या लोकांचा उल्लेख घाला, मग बघू. वांगेलच्या मते ही निव्वळ भाऊबंदकी होती, आणि भाऊबंदकीत जो आधी उठून जातो त्याचा हिस्सा बुडतो. म्हणून तो बसून होता.

त्या मंगळवारी मात्र तो नोंदणी कार्यालयात उभा होता. मार्चमध्ये त्याचे वडील गेले. सुवोब्रदो गावातलं घर अजून आजोबांच्या, नाउम मिसाइलोवच्या ('स्की' आडनावाला नंतर लागलं) नावावर होतं, आणि दोघा भावांच्या नावावर ते चढवायचं तर आजोबांच्या जन्मनोंदीचा उतारा लागेल, असं नोटरीनं सांगितलं होतं. खिडकीमागे दोब्रिंका बाई होत्या. त्यांच्या टेबलावर एक कॅक्टस होता आणि त्याला लोकरीची टोपी घातली होती. त्यांनी अर्ज वाचला, एक जाडी वही उघडली, बोट खाली खाली नेलं आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"मिसाइलोव नाउम, सुवोब्रदो. परत?"

"परत म्हणजे?"

"म्हणजे वर्षभरात हा चौथा अर्ज. तुमच्या आजोबांना फार मागणी आहे हो. एवढी आमच्या साहेबांच्या मुलीलाही नाही."

"कोणी मागितला?"

"ते नाही सांगता येत. व्यक्तिगत माहिती आहे. युरोपचा नियम." मग अर्जावरचा त्याचा नोकरीचा रकाना वाचून त्या जरा उजळल्या. "अरे वा, तुमच्याच खात्यानं भाषांतर केलंय की त्याचं! छान केलंय. काही म्हणता काही सांगता येत नाही."

"मी त्यांचा नातू आहे, बाई."

"ते तिघंही असतील कोणीतरी." त्यांनी वही मिटली. "जुनी वही क्रातोवोहून यायला दहा दिवस लागतात. पुढच्या शुक्रवारी या, दुपारी दोनच्या आत."

वांगेल बाहेर आला तेव्हा वार्दार नदीचं पाणी होतं तसंच वाहत होतं, पण पुलावरून जाणारी माणसं त्याला वेगळी दिसू लागली. जन्माचा उतारा, तोही मेलेल्या आजोबाचा, कोणाला कशाला लागतो हे या शहरात विचारावं लागत नाही. आपण मूळचे बल्गेरियन आहोत अशी एक सही करायची, आजोबांचा कागद जोडायचा, बल्गेरियाच्या राजधानीला, सोफियाला, दोनचार खेपा मारायच्या, की शेजाऱ्याचा पासपोर्ट मिळतो, आणि शेजारी तर कधीचा संघाच्या आत बसलेला. म्हणजे जो दारात आडवा झोपलाय त्याच्याच खिडकीतून आत शिरायचं. हजारो लोक शिरले होते. मोजदाद कोणी करत नव्हतं, कारण मोजणाऱ्यांच्याही घरात असायचा. वांगेलच्या घरात मात्र नव्हता. हे वाक्य त्यानं इतक्या जेवणांच्या टेबलांवर उच्चारलं होतं की आता पुलाच्या मधोमध ते मनात म्हणताना त्याला त्याची चव लागेना. सात वर्षांपूर्वी खात्यातल्या योर्दानच्या पाकिटातून शेजाऱ्याचा लाल पासपोर्ट उपाहारगृहाच्या फरशीवर पडला होता, तेव्हा सूपची थाळी हातात घेऊन, सगळ्यांच्या देखत, वांगेलच म्हणाला होता, "किती मिळाले रे आजोबांचे? किलोवर दिले की नगावर?" सगळे हसले होते. योर्दान महिन्याभरात नोकरी सोडून गेला. आता तो ब्रसेल्समध्ये त्याच मासेमारीच्या कायद्यांचं बल्गेरियनमध्ये भाषांतर करतो असं ऐकिवात होतं. तीच जाळी, तीच भोकं, पगार सातपट. वांगेलनं कठड्याला हात टेकला. तिघं. आजोबांना तिघांनी विकलं होतं, आणि आजोबांची नातवंडं-पतवंडं मोजून पाहिली तर फार लांब जायची गरज नव्हती. धाकटा भाऊ स्पासे. आपली मुलगी कालिना. रक्ताची माणसं एवढीच. तिसरं कोण? बायकोला नवऱ्याच्या आजोबांचा कागद चालतो का, हे त्याला माहीत नव्हतं, आणि कोणाला विचारावं तर विचारण्यातच सगळं आलं.

संशयाची एक गंमत असते. तो नवीन काही दाखवत नाही, पाहिलेलंच पुन्हा पाहायला लावतो. संध्याकाळी हात धुताना त्याला साबणाचा वास आला. गुलाबाचा. हा साबण न्हाणीघरात किती दिवस होता? वडी अर्धी झाली होती, म्हणजे महिना तरी, आणि त्याआधीही असाच एक होता, त्याआधीही. तीन वर्षं तो गुलाबाच्या वासाचे हात घेऊन कॉड माशांकडे जात होता आणि त्याला कधी वाटलं नव्हतं की गुलाबाचं तेल, गुलाबाचा साबण, गुलाबाची मिठाई हे सगळं नेमक्या एकाच देशातून, बल्गेरियातून, पिशव्या भरभरून येतं. साबण त्यानं उलटा केला. अक्षरं झिजून गेली होती. मग त्याला फेब्रुवारी आठवला. नव्या नावाचे पासपोर्ट घेण्याची मुदत संपत आली होती आणि सगळा देश थंडीत रांगेत उभा होता. लोक घरून स्टुलं आणत, थर्मासमधून चहा देत, एकमेकांच्या जागा धरत. वांगेलही चार तास उभा राहिला, आणि ते चार तास त्यानं अभिमानानं काढले, कारण त्याच्या घरात कुठलीच तक्रार नव्हती. रुमेना, त्याची बायको, म्हणाली होती, "तू जाऊन ये, माझं होईल निवांत." कालिना म्हणाली होती, "मला कुठे घाई आहे, बाबा." सव्वीस वर्षांची मुलगी, फिजिओथेरपीची पदवी घेतलेली, मैत्रिणींपैकी निम्म्या जर्मनीत, आणि तिला पासपोर्टची घाई नव्हती! त्या वेळी त्याला वाटलं होतं, संस्कार आहेत. आता वाटलं, की बापाच्या मूर्खपणावर पोरीनं किती अलगद पांघरूण घातलं. आणि जूनमधली ग्रीसची सहल. नाक्यावर पासपोर्टची चळत रुमेनाच्या पर्समध्ये होती, त्याच्या मांडीवरून हात लांबवून तिनंच ती खिडकीतल्या शिपायाला दिली होती आणि म्हणाली होती, "तू पुढच्या गाडीकडे बघ." शिपायानं चळत पाहिली होती आणि मग वांगेलकडे पाहिलं होतं. ती नजर त्याला तेव्हा ग्रीक उर्मटपणाची वाटली होती. ती कणव होती.

जेवताना त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा साबण कुठला आपला?"

"का? हात सोलवटले?" रुमेना म्हणाली. ती औषधाच्या दुकानात होती आणि प्रत्येक प्रश्नाकडे आधी तक्रार म्हणूनच बघायची.

"नाही, वास छान आहे."

"तीन वर्षांनी कळलं."

"कोणी दिला?"

"दुकानात येतात नमुने." तिनं पावाचा तुकडा वाटीत फिरवला. "आज काय झालंय? मासे संपले?"

कालिना हसली, आणि दोघी एकमेकींकडे बघतात का हे पाहायला त्यानं मान वळवली, तर दोघी बघत नव्हत्या, मुद्दाम बघत नव्हत्या, असं त्याला वाटलं. न बघण्यातही किती तयारी असते! त्यानं कालिनाला विचारलं, सोफियाची बस किती वाजता असते गं, खात्यातल्या एकाला हवंय. "सातला, साडेनऊला आणि तीनला," ती म्हणाली, आणि मग, फार थोड्या वेळानं, "असं वाटतं. इंटरनेटवर बघ ना." तो थोडा वेळ वांगेलला पुरला. त्याला सगळ्या देशाची, घटनेची, कुठल्याच शेजाऱ्याची त्या क्षणी पर्वा नव्हती. ही जाणार. एवढंच होतं. एकोणीस वर्षं तो तिला सांगत आला होता की मागच्या दारानं जायचं नाही, पुढचं दार उघडेल, आपण सगळे मिळून आत जाऊ, मग तू हवं तिथे राहा, मी सुट्टीत येईन, ओळखपत्र दाखवून, मान वर करून. ती सात वर्षांची असताना तिनं विचारलं होतं, "कधी उघडेल?" आणि त्यानं सांगितलं होतं, तू शाळा संपवशील तोवर. शाळा संपली. मग म्हणाला, पदवी. तिनं तिसऱ्यांदा विचारलं नाही, हे त्याच्या आज लक्षात आलं.

रविवारी ऐवर, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांची हिवाळाभराची चटणी, घालायचं ठरलेलं होतं. सप्टेंबरात या शहरात दुसरं काही ठरवताच येत नाही. इमारतींच्या मागच्या अंगणांत पत्र्याच्या चुली पेटतात, लाल ढोबळ्या मिरच्यांची पोती उतरतात, भाजलेल्या सालीचा तो गोड-कडवट धूर पडद्यांत, केसांत, फायलींत शिरतो, आणि जो कोणी ऐवर बाजारातून विकत आणतो त्याच्याविषयी चांगलं बोललं जात नाही. स्पासे पहाटेच कुमानोवोहून व्हॅन घेऊन आला, साठ किलो मिरच्या आणि स्वतः घरी गाळलेली राकिया घेऊन. तो ट्रक चालवायचा, लांबलांबचे. बोलायला मोकळा, पोट सुटलेला, वांगेलला 'दादा' म्हणणारा आणि दादाचं काहीएक न ऐकणारा. दुपारपर्यंत भाजणं झालं, सोलणं झालं. सोलताना चौघंही बोटांनी काळे झाले होते आणि वांगेल एकेकाचे हात निरखत होता. याच हातांनी सही केली असणार. कोणाच्याही हातावर काही दिसत नव्हतं, नुसती साल चिकटलेली. मग गर दळून मोठ्या पातेल्यात पडला, तेल पडलं, आणि ढवळायची पाळी वांगेलची आली. ढवळण्याचा नियम एकच: थांबायचं नाही. लाकडी उलथनं तळाला लावून सारखं फिरवत राहायचं, दोन-अडीच तास. क्षणभर हात थांबला की खाली धरतं, आणि खाली धरलं की साठ किलोला करपा वास लागतो, हिवाळाभर तोंडात राहतो. हे काम वांगेलकडेच असायचं. धीराचं होतं.

"नाउम आजोबांना कोणी विकलं?" त्यानं पातेल्याकडे बघत विचारलं.

अंगणात पलीकडे कोणाचा तरी रेडिओ चालू होता. स्पासेनं पेला खाली ठेवला. "काय विकलं, दादा?"

"आजोबा. तिघांनी उतारे काढलेत वर्षभरात. कार्यालयात वही पाहिली मी." पाहिली नव्हती, पण संशयी माणसाला एवढी सवलत असावी. "नावं माझ्या तोंडून निघायच्या आत ज्याचं त्यानं बोलावं."

 बुडबुडा फुटून एक गरम थेंब त्याच्या मनगटावर उडाला. त्यानं हात थांबू दिला नाही.

"आता काय, कळलंच," स्पासे अखेर म्हणाला. "पासपोर्ट आहे माझा. पण दादा, आजचा नाही, दोन हजार अकरापासून आहे. त्याशिवाय मला डॉर्टमुंडच्या फेऱ्या देणार कोण होतं? तुझे मासे?"

"अकरापासून?"

"पण आजोबांना मी हात नाही लावला, शप्पथ! माझा आईकडून झालाय. आईच्या वडिलांचे कागद पक्के होते, शिक्क्यानिशी. नाउम आजोबांचं नाव काढलं तर वकील म्हणाला, यांच्यात दम नाही, वेळ जाईल."

"दम नाही?" वांगेलला हे का लागलं ते त्याला कळलं नाही.

"ढवळ," रुमेना म्हणाली. "खाली धरेल." मग ओंजळीतल्या साली बादलीत टाकत, पाढा म्हणावा तशा आवाजात, "माझा माझ्या आजीवरून आहे. स्ट्रुमित्साच्या. तीन वर्षं झाली. फोटो काढून आले त्या दिवशी तू म्हणालास, केस छान दिसतायत. मला इतकं वाईट वाटलं की तुला सांगणारच होते. मग टीव्हीवर बातम्या लागल्या आणि तू त्यांच्यावर ओरडायला लागलास."

"आणि साबण?"

"सोफियाचा. तिथे स्वस्त मिळतो."

त्याला कालिनाकडे बघावं लागलं नाही. ती जवळ येऊन उभी राहिली होती, केसांना धूर, नाकावर काळा डाग. "आईचा झाल्यावर माझं सोपं झालं, बाबा," ती म्हणाली. "नोव्हेंबरपासून डॉर्टमुंडच्या एका इस्पितळात आहे मी. म्हणजे असणार आहे. जानेवारीतच कळलं होतं. आजोबा आजारी होते म्हणून थांबले, मग मार्चमध्ये ते गेले, मग तू..." तिनं वाक्य सोडून दिलं. "तू संपव ना तुझं प्रकरण, असं वाटत होतं. तू म्हणाला होतास मासेमारीचं प्रकरण या वर्षी संपणार."

वांगेल ढवळत होता. त्याला पातेलं लाथाडून अंगणाबाहेर जायचं होतं, आणि जाता येत नव्हतं. उलथन्यामागे तळ एक क्षण उघडा पडायचा, चकाकायचा, पुन्हा लाल गर येऊन मिटायचा. या अंगणातला प्रत्येक जण आत होता. आपल्याच घरात तो एकटा बाहेर होता, उमेदवार होता, आणि बाकीचे तिघं सभासद त्याला कधीपासून सांभाळून घेत होते, त्याची प्रगती पाहत होते, दरवर्षी संघाच्या अहवालात लिहितात तसं, की काही बाबतीत समाधानकारक. योर्दानच्या पायाशी पडलेला तो पासपोर्ट त्याला दिसला, वाकून उचलताना योर्दान एवढंच म्हणाला होता, "घरी विचार एकदा." तेव्हा तो पलटवार वाटला होता. त्या वर्षी स्पासेला पासपोर्ट मिळून सहा वर्षं झाली होती.

"मग नाउम आजोबांना कोण मागतंय?" त्यानं विचारलं.

तिघंही विचारात पडले, आणि पहिल्यांदाच त्यांच्या विचारात खोट दिसली नाही. स्पासेनं बोटं मोजली. चुलत कोणी नाही, आत्या बिनलग्नाची गेली. आणि मग तोच हळू आवाजात म्हणाला, "दादा... बाबा."

"बाबा काय?"

"गेल्या ऑक्टोबरात नाही का, गुडघे शेकायला जातो म्हणून चार दिवस गेले होते. गरम पाण्याच्या कुंडांवर. आठवतं? कोट घालून, टोपी घालून. गुडघे शेकायला कोट कशाला? आणि परत आले ते तसेच लंगडत."

"बाबा?" रुमेना म्हणाली. "बाबा तर याच्यावरची कडी होते. जुना झेंडा अजून कपाटात आहे त्यांचा."

"म्हणून तर सांगितलं नसेल," स्पासे म्हणाला. "एकदा मला म्हणाले होते, तुझ्या भावाचं काय होणार रे. मी म्हटलं, दादाचं काय, दादा देशाला माशांतून युरोपला नेतोय. तर हसले नाहीत."

ऐवर झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. एकतीस बरण्या भरल्या. कालिनाच्या नावानं सहा वेगळ्या काढल्या गेल्या, आणि त्या वेगळ्या काढताना रुमेनानं वांगेलकडे पाहिलं. त्यानं एक सातवी नेऊन ठेवली.

त्या आठवड्यात वांगेलच्या संशयानं रूप बदललं. तो मऊ झाला, जवळजवळ मायेसारखा. कॉड माशांच्या परिशिष्टावर बसल्या बसल्या तो वडिलांना बसमध्ये बसवत असे, सातच्या, खिडकीशी, टोपी मांडीवर. ब्याऐंशी वर्षांचा माणूस. ज्यानं जन्मभर पूर्वेकडे तोंड करून दाढी केली नाही, तो सोफियाच्या कुठल्याशा जिन्यावर गुडघे धरून चढतो आहे, खिडकीतल्या माणसासमोर स्वतःच्या बापाचा कागद ठेवतो आहे, आणि आपण मूळचे कोण हे, जे त्याला पक्कं ठाऊक होतं, ते खोटं आहे असं लिहून देतो आहे. कोणासाठी? स्वतःसाठी तर नाही, त्याला सुवोब्रदोच्या पलीकडे कुठे जायचं नव्हतं. थोरल्यासाठी. ज्याला सांगायची सोय नव्हती त्याच्यासाठी. बापानं आधी वाट मळून ठेवली तर पोरगं कधीतरी पाऊल टाकेल म्हणून. तीनदा. एकदा कागद चुकला असेल, एकदा मुदत संपली असेल. शेवटच्या दिवसांत इस्पितळात वडिलांनी त्याचा हात धरून म्हटलं होतं, "ते कागदाचं बघ." वांगेलनं घराचे कागद समजून मान हलवली होती. आता ते वाक्य त्याच्या कानात वेगळ्याच उजेडात उभं राहिलं आणि त्याचे डोळे पडद्यावरच्या जाळ्यांत भरून आले. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं विचारलं, "काय हो, कुठल्या माशाचं एवढं मनावर घेतलंत?" गुरुवारी रात्री जेवणानंतर त्यानं कालिनाला, बशा पुसत, जणू बशीलाच, विचारलं, "तुझ्या त्या डॉर्टमुंडला नदी आहे का?" ती म्हणाली, "कालवा आहे. का?" "काही नाही. मासे असतील म्हटलं." ती त्याच्याकडे बघतच राहिली, आणि मग तिनं ओला हात त्याच्या दंडावर ठेवला, गुलाबाच्या वासाचा.

शुक्रवारी तो एक वाजून चाळीस मिनिटांनी खिडकीशी पोचला. रांगेत तिसरा होता. दाढी केली होती आणि, का कोण जाणे, कोट घातला होता. कॅक्टसची टोपी आज निळी होती.

"एक ना?" दोब्रिंका बाईंनी विचारलं.

"दोन," वांगेल म्हणाला. एकोणीस वर्षांत एवढा मोठा शब्द त्यानं उच्चारला नव्हता. "दोन प्रती द्या."

बाईंनी वर पाहिलं नाही. दुसऱ्या प्रतीचं काय करतात हे त्यांना पाठ होतं. त्यांनी क्रातोवोहून आलेली जुनी वही उघडली, पिवळी, कडा खाल्लेली, आणि बोट खाली नेता नेता थांबल्या. मागे गेल्या. पुन्हा पुढे आल्या.

"तुमचे नाउम कोणत्या सालचे?"

"एकोणीसशे अकरा."

"वडिलांचं नाव?"

"आर्सो."

"मग हे नव्हेत," बाई म्हणाल्या. "मागणी आहे ते नाउम मिसाइलोव एकोणीसशे आठचे, वडील त्रायान. वरच्या आळीतले. काय आहे ना, सुवोब्रदोत सगळेच मिसाइलोव, आणि नातवाला आजोबांचं नाव ठेवायचं, त्यातून गावचं देऊळ संत नाउमचं. या एका पानावर नाउम आहेत पाच. मागच्या खेपेला मी नुसतं गाव आणि नाव पाहिलं." त्यांना चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण नियम सोडून त्या जरा पुढे झुकल्या. "ती तिघं भावंडं आहेत, बितोलाची. तुमची कोणी नव्हेत. झालंसुद्धा त्यांचं काम, गेली ती."

"आणि आमचे?" वांगेलनं विचारलं. "आमच्या नाउमचा उतारा कोणी... माझ्या वडिलांनी वगैरे? गेल्या ऑक्टोबरात?"

दोब्रिंका बाईंनी अर्जांची वही काढली आणि या वेळी सगळी नीट पाहिली, जन्मसाल आणि बापाचं नाव लावून, ती सुरू झाली त्या पानापासून. मागच्या माणसानं घड्याळ पाहिलं.

एकोणीसशे अकरा सालच्या नाउमचा उतारा त्याआधी कोणीही कधी मागितला नव्हता. वडील गुडघे शेकायलाच गेले होते.